दुसरं तळण

पाकळी लहान होती, करंगळीच्या नखाएवढी, आणि तिची साल सुटायला तयार नव्हती – वरचं पांढरं निघालं, पण आतला तो गुलाबी, ओलसर पापुद्रा अंगाला धरून बसला होता, नखानं खरवडला की नखाखाली जायचा, नखाखालून काढला की बोटाला चिकटायचा, या बोटावरून त्या बोटावर... लसूण सोलण्याचं काम तिला लहानपणापासून आवडत नव्हतं आणि लहानपणापासून तेच तिच्या वाट्याला येत होतं. बटाटे बाबांचे, तेल बाबांचं, आच बाबांची, लसूण तिचा. आज तर हा सगळा घाट तिच्याच कौतुकासाठी घातलेला होता, तरी लसूण तिचाच. चाळिशी आली तरी या घरात बढती मिळत नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिनं पुढची पाकळी उचलली.

आणि कौतुक तरी कशाचं, तर गुरुवारी तिनं सही केलेल्या एका कागदाचं. तो कागद फ्रिजवर पारदर्शक पाकिटात ठेवला होता, घडी पडू नये म्हणून. दोन्ही कानांची श्रवणशक्ती उत्तम, वाहन चालवण्यास हरकत नाही. खाली तिची सही आणि दवाखान्याचा शिक्का. उद्या सुट्टी संपून शाळा उघडणार, उद्या सकाळी बाबा तो कागद शाळेच्या बसगाड्यांच्या ठेकेदाराला देणार, तो दिला की आणखी एक वर्ष ती छोटी बस त्यांची आणि तिच्यातली एकोणीस मुलंही त्यांची. सदुसष्टाव्या वर्षी माणसाला आणखी काय हवं असतं, असं आई फोनवर म्हणाली होती, आणि म्हणाली होती, रविवारी ये, ते तुझ्यासाठी लसणी फ्राइज करणार आहेत, स्वतःहून म्हणाले.

बाबा ओट्याशी पाठमोरे उभे राहून बटाटे कापत होते. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांनी एकतीस वर्षं रोज चारशे माणसांचं जेवण काढलं होतं, आणि अजूनही, चारच बटाटे कापायचे असले तरी, ते बाह्या सारून, पाय फाकवून, चारशे माणसं बाहेर रांगेत उभी आहेत अशा थाटात उभे राहत. सुरी खाली येई, चकती पडे, चकत्यांचे पट्टे होत, सगळे एका मापाचे.

“माप कसं काय चुकत नाही तुमचं?” तिनं विचारलं.

सुरी चालत राहिली. सुरीचा आवाज होता म्हणून – असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि पट्टे पाण्यात टाकायला बाबा वळले तेव्हा तोच प्रश्न पुन्हा विचारला, पहिल्यांदाच विचारते आहे अशा सुरात.

“बोटाएवढा कापायचा,” बाबा म्हणाले. “पण माझ्या बोटाएवढा. तुझ्या आईचं बोट घेऊ नकोस. ते नुसतं दाखवण्यापुरतं आहे.”

आई टेबलाच्या पलीकडे बसली होती. ती उठली, टेबलाला वळसा घालून आली, बाबांच्या कोपराला हात लावला आणि त्यांच्या समोर उभी राहून म्हणाली, “बोट दाखवल्याशिवाय या घरात कधी काही हललंय का? सरका, पाणी बदलते.”

“बदल. गढूळ झालं म्हणजे पीठ सुटलं. पीठ राहिलं की फ्राइज काळे पडतात आणि मऊही.”

बाबा हसले, आई हसली. ही एवढी कोटी करायला आई टेबलाला पूर्ण वळसा घालून आली होती. बसल्या जागेवरून म्हणाली असती तरी चाललं असतं. गेलं वर्षभर हे दिसत होतं – आधी कोपराला हात, मग समोर येणं, मग बोलणं – आणि लेक म्हणून ती ते पाहून सुखावत होती, म्हातारपणी दोघांमध्ये माया वाढली म्हणून. ती कान तपासायचं काम करते. पंधरा वर्षं करते. कोपराला हात, समोर येणं, मग बोलणं – असं करणाऱ्या बायका तिच्या दवाखान्यात रोज येतात, नवऱ्याला पुढे घालून.

बटाटे गार पाण्यात अर्धा तास राहणार होते. तेवढ्यात काही करायचं नव्हतं, आणि काही करायचं नसलं की गुरुवार समोर येत होता.

गुरुवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंचे दोन नियम आहेत – आपल्या नात्याच्या माणसाची तपासणी आपण करायची नाही, आणि माणसाला खुर्चीत बसवताना त्याचं तोंड भिंतीकडे करायचं. पहिला नियम तिनं दारातच मोडला. सहकारी मुलगी फाइल घेऊन उठली होती, तिला म्हणाली, राहू दे, मीच करते, पाच मिनिटांचं तर काम. दुसरा नियम बाबांनी मोडला. आवाजबंद खोलीत शिरल्यावर त्यांनी खुर्ची हातानं ओढून काचेच्या खिडकीकडे वळवली, म्हणजे तिच्याकडे, आणि म्हणाले, “पाठ करून बसायला मी काय तुझ्यावर रुसलोय?” ती हसली. खुर्ची तशीच राहिली.

आणि त्या नियमाचं कारण तिला माहीत नव्हतं असं कसं म्हणावं... शिकाऊ पोरींना ते ती स्वतः समजावून सांगते. समोर बसलेला माणूस तुमचा हात बघतो, खांदा बघतो, डोळे बघतो. तुम्ही कळ दाबता तेव्हा तुमच्या अंगात काहीतरी हलतं आणि त्याला ते दिसतं. तो लबाड असतो असं नाही. त्याला पास व्हायचं असतं, एवढंच.

खालच्या पट्टीतले आवाज बाबांनी पटापट पकडले. प्रत्येक आवाजाला हातातलं बटण दाबायचं, तिच्या यंत्रावर दिवा लागायचा. मग पट्टी चढत गेली, आवाज बारीक, आणखी बारीक होत गेले, आणि दिवा दर वेळी अर्ध्या श्वासानं उशिरा लागू लागला. लागत मात्र होता. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. मधूनच हसत होते. आणि तिनं उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या कागदावर मांडल्या, तर रेघ अशी सरळ आली, अशी सरळ की... सदुसष्ट वर्षांच्या माणसाची रेघ एवढी सरळ नसते. आयुष्यभर धुराच्या घरघरत्या पंख्याखाली उभ्या राहिलेल्या माणसाची तर नसतेच. उजव्या टोकाला ती उतरते. माझीसुद्धा थोडी उतरते.

छान, बाबा, म्हणून तिनं सही केली होती.

“झाला अर्धा तास,” बाबा म्हणाले. “काढ आता.”

पट्टे पाण्यातून काढून जुन्या टॉवेलवर पसरले, दुसऱ्या टॉवेलनं टिपले, मग पुन्हा कोरड्या टॉवेलवर. यात बाबा कोणाचं ऐकत नसत. ओला बटाटा तेलात सोडणं म्हणजे भांडण विकत घेणं, हे त्यांचं जुनं वाक्य, आणि कोरडं करायचा कंटाळा करणाऱ्या मदतनिसांना त्यांनी कँटीनमधून घरी पाठवलं होतं. ती टिपत होती, बाबा टिपत होते, दोघं समोरासमोर होते, त्यामुळे गप्पा नीट चालल्या होत्या. बाबा मुलांचं सांगत होते. मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, त्यांनी आपली नावं ठेवली होती. एक होता वकील, सगळ्याला हरकत घेणारा. एक होती डब्यावाली, ती बसमध्ये चढल्या चढल्या डबा उघडायची. आणि एक समोरचे दात पडलेली, तिला ते बोळकीबाई म्हणत.

“तिचं काय झालंय कळत नाही,” बाबा म्हणाले. “आधी किती बडबडायची. हल्ली नुसती ओठ हलवते. दात नाहीत म्हणून लाजते बहुतेक. तशी हल्लीची सगळीच पोरं पुटपुटतात. घरात मोठे बोलतच नसतील त्यांच्याशी, मग तोंड उघडायची सवय कुठून लागणार?”

“असेल,” ती म्हणाली.

लहान मुलांचे आवाज वरच्या पट्टीतले असतात. त्यातही मुलींचे. ते आधी जातात. मोठ्यांचं बोलणं बरंचसं ऐकू येत राहतं, कडेकडेची अक्षरं गळतात आणि ती माणूस अंदाजानं भरतो, त्यामुळे त्याला वाटतं, माझं ऐकणं ठीक आहे, जग पुटपुटायला लागलंय. हे वाक्य ती रोज कोणाला ना कोणाला सांगते. टॉवेलखाली एक पट्टा राहिला होता तो तिनं काढून टिपला.

पहिलं तळण मध्यम आचेवर. बाबांनी मूठभर पट्टे सोडले आणि तेल एकदम बोलू लागलं. तो आवाज तिच्या लहानपणाचा होता. शाळा सुटली की ती कँटीनमध्ये जायची, उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसायची, आणि बाबा म्हणायचे, डोळे मीट, काय ऐकू येतं सांग. तेल आधी खूप बोलतं, कारण बटाट्यात पाणी असतं. पाणी सरत आलं की त्याचा आवाज बारीक होतो. गप्प व्हायच्या जरा आधी काढायचं. गप्प झाल्यावर काढलं तर उशीर झाला. तीन कढया मागे चालू असायच्या आणि बाबा पुढे तोंड करून कणीक नाहीतर भाजी बघत असायचे, आणि मागे न वळता म्हणायचे, मधली काढ. आणि मधली बरोब्बर झालेली असायची. नोकरीच्या मुलाखतीत तिला विचारलं होतं की हे क्षेत्र का निवडलंत, तेव्हा तिनं ही गोष्ट सांगितली होती आणि मुलाखत घेणारे खूश झाले होते. गोष्ट खरीच होती.

आज बाबा तेलाकडे बघत होते. टक लावून, डोळे बारीक करून. झाऱ्यानं एक पट्टा उचलायचे, दाबून बघायचे, परत सोडायचे. सवय बदलते माणसाची... चष्म्याचा नंबर बदलतो, तशी. फिकट, मऊ पट्टे जाळीवर पसरून झाले. आता ते गार होणार, मग मोठ्या आचेवर दुसरं तळण. तोवर लसूण.

लसणासाठी छोटं कढलं. तेल थोडं, आच मंद, बारीक चिरलेला लसूण तेल तापायच्या आधीच टाकलेला. तो पांढुरका असतानाच काढायचा असतो, रंग तो बाहेर आल्यावर आपल्याच गरमीनं घेतो. कढल्यात सोनेरी दिसला म्हणजे ताटात कडू झाला. बाबा कढल्यापाशी उभे होते, पण तोंड तिच्याकडे होतं, कारण ठेकेदाराची गोष्ट रंगात आली होती. गेल्या वर्षी ठेकेदारानं एका ड्रायव्हरला कागद नाही म्हणून परत पाठवलं, आणि तो ड्रायव्हर त्याचाच मेहुणा निघाला, आणि मग ठेकेदाराच्या बायकोनं...

कढलं बोलत होतं. बारीक, सतत.

तिनं ऐकलं तेव्हा आवाज उतरायला लागला होता. ठेकेदाराची बायको माहेरी निघाली होती. आवाज आणखी उतरला, मध्ये मध्ये खंड पडू लागले, आता, आता काढायला हवं. बाबा सांगत होते. आणि तिनं तोंड उघडलं नाही. तिनं पाण्याच्या तांब्यावर नजर ठेवली, खांदे सैल सोडले, हात मांडीवर ठेवले. तपासणीत असंच बसायचं असतं. खूण करायची नाही, मान हलवायची नाही, श्वाससुद्धा ओढून घ्यायचा नाही. नुसतं थांबायचं. गुरुवारी करायचं होतं ते ती रविवारी करत होती, एका कढल्यावर, आणि तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि ती थांबली होती. बाबा, ऐका. मधली काढा. बाबा...

कढलं गप्प झालं. बाबा बोलत राहिले.

आईनं हात लांब करून गॅस बंद केला. “जळला,” ती नेहमीच्या आवाजात म्हणाली.

बाबांनी आईचा हात पाहिला, मग कढलं पाहिलं, मग त्यांच्या नाकाशी वास पोचला. लसूण तपकिरी झाला होता, कडेचे तुकडे काळे. ते म्हणाले, “लसूणच जुना. कोरडा पडलेला लसूण असाच दगा देतो.” आणि कढलं घेऊन ते मोरीवर गेले आणि पाठ करून ते घासू लागले. चिकटलेलं काही नव्हतं त्या कढल्याला, नुसतं धुतलं असतं तरी चाललं असतं. त्यांची मान मागून लाल झालेली तिला दिसली.

लसूण ताजा होता. तिनंच वाटेवरून आणला होता.

आईनं कांदा-लसणाची जाळीची पिशवी उचलली, तिला डोळ्यांनी खूण केली आणि दोघी मागच्या गॅलरीत जाऊन बसल्या. वाळत घातलेल्या चादरीमागे. आई भराभर सोलत होती. तिच्या हातून पापुद्रे कसे सुटत कोण जाणे.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“काय कधीपासून?”

“आई.”

आईनं दोन पाकळ्या सोलल्या. “दोन वर्षं होत आली. आधी दाराची बेल गेली. मग किटलीची शिट्टी. मला वाटलं लक्ष नसतं. बायको बोलली की लक्ष नसणं हा काही आजार नव्हे. पण शिट्टीशी त्यांचं काय भांडण?”

“आणि तू बोलली नाहीस.”

“मी बायको. माझ्या बोलण्याला काय किंमत. तू तपासलंस ना? यंत्र लावून? तू कुठे बोललीस?”

खालून कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टूं टूं आवाज येत होता. तिला गुरुवारची संध्याकाळ आठवली, म्हणजे ती आठवणारच होती, इतका वेळ ती आठवण फक्त मनाच्या दाराशी उभी होती. तपासणीनंतर बाबांनी तिला आपल्या गाडीतून घरी सोडलं होतं. चौकात उजवीकडे वळले आणि वळणाचा दिवा चालूच राहिला. टिकटिक, टिकटिक. पुढचा चौक, पेट्रोल पंप, पूल. टिकटिक. मागचे लोक हॉर्न वाजवत होते आणि बाबा म्हणत होते, काय घाई असते लोकांना. ती शेजारी बसून ती टिकटिक ऐकत होती. तिच्या दारापर्यंत. उतरताना ती म्हणाली, सावकाश जा.

“कानातलं यंत्र मिळतं आई. आता इतकं लहान असतं, दिसतसुद्धा नाही.”

“मी म्हणाले होते एकदा. तर म्हणाले, पोरांना दिसतं. पोरांना सगळं दिसतं. म्हणाले, आज मी त्यांचा ड्रायव्हर आहे, उद्या म्हातारा होईन.” आईनं साली एकत्र गोळा केल्या. “आणि ठेकेदार यंत्रवाल्याला ठेवेल? सांग. तू ठेवशील?”

ठेवेलही. नाही ठेवणार बहुतेक.

“निवृत्त झाले तेव्हाचे पहिले सहा महिने तुला माहीत नाहीत,” आई म्हणाली. “तू यायचीस, बसायचीस, जायचीस. मी बघत होते. डब्यांना चिठ्ठ्या लावायचे. मीठ. साखर. मला काय मीठ ओळखता येत नव्हतं? मग तेही थांबलं. खुर्चीत बसायचे आणि समोर ताट ठेवलं तर ताटाकडे बघायचे. स्वयंपाकी माणूस जेवेना, म्हणजे काय ते... जाऊ दे. मग बस आली. दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून शिट्टी मारत होते.”

“बसमध्ये एकोणीस मुलं आहेत आई.”

“मागे बाई असते ना. ती पत्र्यावर थाप मारते. थाप ऐकू येते त्यांना.”

“थाप येईल ऐकू.” खालच्या पट्टीतली असते थाप. “पण बाई मुलाला उतरवून दारापर्यंत सोडायला गेली, आणि दुसरं एखादं मागच्या बाजूला... आणि त्यानं हाक मारली...” पुढचं तिनं मनात येऊ दिलं नाही. आलंच. त्यात बोळकीबाई होती, जिला तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि ती ओठ हलवत होती.

आईनं सोललेल्या पाकळ्या तिच्या ओंजळीत ठेवल्या. आईचे हात गार होते. “मला कळत नाही असं समजू नकोस,” ती म्हणाली. “मी रोज ते परत येईपर्यंत खिडकीत असते. पण मी नाही सांगणार. माझ्याच्यानं नाही व्हायचं. तू काय ते बघ.” आणि ती उठून आत गेली, चादर बाजूला सारून.

तू काय ते बघ. घरातली सगळी कामं अशीच वाटली जातात, कोणी वाटत नाही.

दुसरा लसूण बाबांनी तिला करायला सांगितला. “तू कर,” एवढंच म्हणाले, आणि ते मोठ्या कढईकडे वळले. तिनं केला. आवाज उतरायला लागल्यावर काढला, पांढुरका होता, बशीत बघता बघता सोनेरी झाला. बाबांनी बशी पाहिली आणि मान हलवली. शाबासकी नव्हती ती, पण नव्हती असंही नाही.

मग दुसरं तळण. आच मोठी. गार झालेले पट्टे तेलात गेले आणि ओटाभर गलका झाला. दुसरं तळण झटपट असतं, तिथे चुकायला वेळ नसतो – पहिल्यात बटाटा शिजतो, दुसऱ्यात तो कुरकुरीत होतो, आणि होता होता एका श्वासात करपतो. ती बाबांच्या शेजारी, जरा पुढे उभी होती, हातात मीठ घेऊन. पट्टे वर आले, फिरले, रंग धरू लागले. तिनं सहज मान वर केली, तर बाबा कढईकडे बघत नव्हते. झारा तेलावर धरून ते तिच्याकडे बघत होते. तिच्या तोंडाकडे. अगदी शांतपणे, जसे खिडकीच्या काचेतून बघत होते तसे.

आणि तिच्या कानात तेलाचा आवाज उतरायला लागला, अजून थोडा, आणि ती नुसती उभी राहिली, तिनं काही केलं नाही, करायचं नाही असंच ठरवलं होतं – आणि तरी तिच्या भुवया उचलल्या गेल्या. तिला ते जाणवलं, कपाळावरची कातडी ताणली गेल्याचं. बाबांनी झारा घातला आणि पट्टे काढले. बरोब्बर झाले होते.

म्हणजे हे असं होतं. गुरुवारीही हेच होतं. प्रत्येक बारीक आवाजाला मी कळ दाबली आणि प्रत्येक वेळी माझ्या तोंडावर उत्तर आलं, कारण मला हवं होतं की त्यांना यावं, आणि ते बघत होते, आणि ते बघताहेत हे मी बघत होते. त्यांनी काही चोरलं नाही. मी दिलं. मुलाच्या परीक्षेला आई पडद्याआड उभी राहून ओठ हलवते, तसं मी माझ्या बापाला पाठीवर हात ठेवून पास केलं आणि वर शिक्का मारला. मला माहीत होतं. आज कळलं असं नाही. रेघ काढली तेव्हा माहीत होतं, टिकटिक ऐकली तेव्हा माहीत होतं, लसूण आणताना वाटेत माहीत होतं. एवढा वेळ ती बाबांच्या कानांची काळजी करत होती, आणि त्या काळजीच्या मागे हे बसलं होतं, अगदी मुकाट.

मीठ, मिरपूड, सोनेरी लसूण. मोठ्या पातेल्यात फ्राइज घालून बाबांनी पातेलं दोन्ही हातांनी धरून हवेत झेलवलं, तीन वेळा, एकही पट्टा बाहेर पडला नाही. तिघं टेबलाशी बसले. खिडकीतून दुपारचं ऊन टेबलाच्या अर्ध्या भागावर पडलं होतं. आईनं एक पट्टा उचलला, तो मोडल्याचा स्पष्ट कुर्रर्र आवाज झाला. मग तिनंही एक खाल्ला. वरून कडक, आत मऊ, लसूण गोडसर. बाबांच्या हातचं होतं, शंकाच नव्हती.

बाबांनी एक तोंडात टाकला, चावला, थांबले. मग आळीपाळीनं दोघींकडे पाहिलं.

“कुरकुरीत झालेत ना?”

कँटीनमध्ये त्यांनी हे एकदाही कोणाला विचारलं नव्हतं. फ्राइजच्या दिवशी ते खिडकीकडे पाठ करून उभे राहायचे, बाहेर माणसं खायला लागायची, आणि ते ऐकून म्हणायचे, जमलं.

“झालेत तर!” आई घाईघाईनं, मोठ्यानं म्हणाली. “एकदम फर्मास.”

ते खरं होतं. खोटं असं त्यात काहीच नव्हतं, आणि आईचा चेहरा इतका हसरा होता, इतका तयार, की तिला तो बघवेना. आपला चेहरा गुरुवारी असाच दिसत असणार.

दवाखान्यात रोज चार-पाच माणसांना ती हे सांगते. त्याची एक रीत आहे. समोर बसायचं, एका उंचीवर. आपल्या तोंडावर उजेड येईल असं. हात स्थिर. पहिलं वाक्य छोटं, त्यात जरासं नको, वयाप्रमाणे नको, काळजीचं कारण नाही हे तर नकोच. ते वाक्य बोलून झालं की गप्प राहायचं, समोरचा बोलेपर्यंत, कितीही वेळ लागला तरी. ती हे चांगलं करते, तसं सगळे म्हणतात. परकी माणसं जाताना तिचा हात हातात घेतात. पण ती सगळी वाक्यं त्या माणसांबद्दलची असतात, त्यांच्या कानांबद्दलची. आज त्यातलं एकही कामाचं नव्हतं. आजचं वाक्य तिच्याबद्दलचं होतं, तिनं काय केलं त्याचं, आणि ते सांगितल्यावर त्यांचं आपोआप येणार होतं. आणि सकाळी बस निघणार होती, किंवा नव्हती.

तिला भीती वाटत होती. बाबा जेवायचे थांबतील ही भीती, खुर्चीत बसून ताटाकडे बघतील ही. ती गेली नाही, तशीच राहिली, फक्त आता तिच्यापासून लपण्याजोगं काही उरलं नव्हतं, आणि त्यामुळे उगाच जरा मोकळं वाटलं, पाहुणे गेल्यावर वाटतं तसं. हे मोकळं वाटणं बरोबर आहे का, तेही तिला कळेना.

तिनं बोटं पुसली आणि आपली खुर्ची सरकवून उन्हात घेतली, बाबांच्या समोर. आई हातातला पट्टा तसाच धरून बसली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, उत्तरासाठी पाहतात तसं, आणि या वेळी तिनं चेहरा आवरला नाही. त्यावर जे होतं ते राहू दिलं. बाबांचं चावणं हळू झालं.

“काय गं?” ते म्हणाले.